उडी केवढी, उड्या किती: संख्यारेषेवर गुणाकार शिकवताना

पाढा पाठ असणं वेगळं आणि गुणाकार कळणं वेगळं, हे मला दुसरीतल्या एका मुलीनं शिकवलं. "तीन चोक?" एवढं विचारायचा अवकाश, तिचं "बारा" तयार असायचं. एकदा कागदावर ० ते २० अशी रेषा काढून मी तिला म्हटलं, "३ × ४ इथे करून दाखव बघू." तिनं शून्यावरून तीन पावलांची उडी काढली आणि ३ वर आली. मग चार पावलांची उडी काढली आणि ७ वर आली. पेन्सिल तिथेच टेकवून ती बराच वेळ ७ कडे बघत राहिली. "ताई, पण पाढ्यात तर बारा आहेत ना?"

उत्तर तिला येत होतं. ३ आणि ४ या दोघांची कामं वेगळी आहेत, हे मात्र तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बेरजेत दोन्ही संख्या एकाच प्रकारच्या असतात: तीन वस्तू आणि आणखी चार वस्तू. गुणाकारात तसं नसतं. एक संख्या सांगते उडी केवढी आणि दुसरी सांगते उड्या किती. मुलाच्या मनात या दोन प्रश्नांची फारकत झाली की गुणाकाराचं अर्धं काम झालं, असं मी मानते. संख्यारेषेचा खरा उपयोग त्यासाठीच आहे, कारण तिथे या दोन गोष्टी डोळ्यांना वेगळ्या दिसतात.

सुरू करण्याआधी

मुलाला ३० पर्यंत न अडखळता मोजता यावं, एक अंकी बेरीज यावी आणि "१२ च्या पुढे तीन पावलं गेलास तर कुठे?" याचं उत्तर बोटं मोजून का होईना, देता यावं. हे जमत नसेल तर गुणाकार आठवडाभर पुढे ढकला आणि रेषेवर नुसत्या बेरजाच खेळा. त्यात वेळ वाया जात नाही.

साहित्यात खडू, दोरी, कोरे कागद, पट्टी, दोन रंगांच्या पेन्सिली आणि एखादं बटण किंवा सोंगटी, एवढं पुरे. एका वेळी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. मूल रंगात आलेलं असतानाच थांबलात तर दुसऱ्या दिवशी ते आपणहून येतं.

आधी जमिनीवर

कागदाची घाई करू नका. जमिनीवर खडूनं चार मीटरची सरळ रेषा ओढा आणि दर २० सेंटिमीटरवर आडवी खूण करा. म्हणजे २० पावलं होतील आणि ० ते २० मिळून २१ खुणा. अंतरं अगदी सारखी हवीत, अंदाजानं खुणा केल्या तर पुढे सगळंच बिघडतं. एवढ्या अंतरावर दोनची उडी ४० सेंटिमीटरची होते आणि तीनची ६० ची. सात-आठ वर्षांच्या मुलाला ती दोन्ही पाय जोडून सहज मारता येते. पाचची उडी मीटरभर होते, ती न जमल्यास तिथे लांब ढांग टाकू द्या.

आकडे खुणेच्या शेजारी लिहा, दोन खुणांच्या मधल्या जागेत लिहू नका. सोंगट्यांच्या खेळात चौकोनात आकडा असतो आणि सोंगटी चौकोनात बसते. मुलांना त्याची सवय असते. संख्यारेषेवर आकडा खुणेचा असतो आणि मोजायची असतात मधली पावलं. "बुटाचं टोक खुणेवर" असा नियम पहिल्याच दिवशी घालून द्या. कुणाची टाच खुणेवर, कुणाचा पाय मध्येच, असं चाललं की तीनची उडी कधी अडीचची होते तर कधी साडेतीनची.

पहिल्या दिवशी "गुणाकार" हा शब्द उच्चारायचाच नाही. मूल ० वर उभं राहील. तुम्ही म्हणा, "दोनची उडी, चार वेळा." त्यानं प्रत्येक उडीनंतर दोन गोष्टी मोठ्यानं म्हणायच्या: कितवी उडी आणि कुठे पोहोचलो. "पहिली, दोन. दुसरी, चार. तिसरी, सहा. चौथी, आठ." दोन्ही म्हणायला लावणं कंटाळवाणं वाटेल, पण ते सोडू नका. नुसतं "दोन, चार, सहा, आठ" म्हटलं की उड्यांचा हिशेब हवेत विरतो आणि मूल कुठे थांबायचं ते विसरतं.

शेवटी रोज हेच तीन प्रश्न विचारा: उडी केवढी होती? उड्या किती मारल्या? पोहोचलास कुठे? क्रम बदलू नका.

अंग हलवून गणित शिकवणं ही काही नवी टूम नाही. जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञानं १६८५ साली बीजगणितावरच्या आपल्या ग्रंथात बेरीज-वजाबाकी समजावताना रेषेवरून पुढे-मागे चालणारा माणूसच घेतला होता. आणि अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात मांडलेला क्रमही इथे चपखल बसतो: आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह. घरी किंवा वर्गात आपण बहुतेक वेळा × या चिन्हापासून सुरुवात करतो आणि तिथेच गाडं अडतं.

पाढ्याचे शब्द उलगडा

दोन-तीन दिवस उड्या मारून झाल्या की पाढ्याकडे वळा. मराठी पाढ्यांतले शब्द मुलं मंत्रासारखे म्हणतात, त्यांचा अर्थ कुणी विचारत नाही. दुणे म्हणजे दोनदा, त्रिक म्हणजे तीनदा, चोक म्हणजे चारदा, पंचे म्हणजे पाचदा. म्हणजे "तीन चोक बारा" हे एक पूर्ण वाक्य आहे: तीनची उडी चारदा मारली, बारावर पोहोचलो. मुलाला हे सांगून बघा. रोज तोंडात असलेल्या शब्दाला अचानक अर्थ येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते बघण्यासाठी तरी सांगा.

मग मूल उडी मारत असताना तुम्ही पाढा म्हणा. पहिली उडी पडताना "तीन एके तीन", दुसरी पडताना "तीन दुणे सहा", तिसरीला "तीन त्रिक नऊ". नंतर अदलाबदल करा, पाढा मुलानं म्हणायचा आणि उड्या तुम्ही मारायच्या. मध्येच मुद्दाम चुकीच्या खुणेवर उतरा. मुलं लगेच पकडतात आणि दुरुस्त करतात. दुरुस्त करताना ती जे बोलतात त्यातूनच त्यांना किती कळलंय ते समजतं.

लिहितानाही हाच क्रम ठेवा. ३ × ४ मध्ये ३ हा गुण्य, म्हणजे उडीची लांबी, आणि ४ हा गुणक, म्हणजे उड्यांची संख्या. काही पुस्तकांत, विशेषतः इंग्रजी माध्यमाच्या, ३ × ४ चा अर्थ "चारचे तीन गट" असा उलटा घेतलेला असतो. दोन्ही रीती बरोबर आहेत, पण सुरुवातीच्या महिन्यात दोन्ही एकदम आणू नका. मुलाच्या पुस्तकात जी रीत असेल ती धरा आणि तीच चालवा. मी पाढ्याची रीत धरून लिहिते आहे.

कागदावर

कागद आडवा धरा आणि २४ सेंटिमीटरची रेषा ओढा, दर सेंटिमीटरला खूण करा. २४ च का, ते पुढे कळेल. उडी म्हणजे एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर टेकणारी कमान. ती रेषेच्या वरून काढायची, आत उडीची लांबी लिहायची (+३) आणि जिथे कमान टेकते तिथे खाली आकड्याला गोल करायचा. कमानी मोजल्या की उड्या मिळतात आणि शेवटचा गोल म्हणजे उत्तर.

कमान हातानंच काढू द्या. वाकडी-तिकडी आली तरी चालेल, फक्त ती नेमक्या खुणेवर टेकली पाहिजे. सुरुवातीला मूल पेन्सिलीचं टोक प्रत्येक खुणेवर टेकवत "एक, दोन, तीन" करत जाईल. जाऊ द्या. पाच-सहा दिवसांत ते आपोआप तीन खुणा एकदम ओलांडायला लागतं.

प्रत्येक कमानीआधी एक प्रश्न विचाराच: "आता कुठे पडशील?" आधी अंदाज, मग उडी. हा प्रश्न वगळला तर संख्यारेषा हे नुसतं मोजण्याचं यंत्र होऊन बसतं, मूल कमानी काढत राहतं आणि डोकं वापरतच नाही. कागदावरचं काम यांत्रिक होतंय असं ज्यांना वाटतं, त्यांच्याकडे बहुतेक वेळा हाच प्रश्न गळलेला असतो.

इथे छोट्या गोष्टीही जोडा. रोज ३ पानं वाचली तर ४ दिवसांत किती? प्रत्येक गाडीला ४ चाकं तर ५ गाड्यांना किती? उत्तर विचारण्याआधी विचारा, "यात उडी कोण आणि उड्या कोण?" पानं ही उडी, दिवस या उड्या. हे नीट सांगता आलं की शाब्दिक उदाहरणांची भीती बरीच कमी होते.

चुकलेलं उत्तर काय सांगतं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. रेषेवर काढलेल्या ३ × ४ चं उत्तर चुकलं तर लगेच खोडरबर देऊ नका. आकडा बघा. चूक कुठे झाली ते तो आकडाच सांगतो.

१३ आलं असेल तर मुलानं १ वरून सुरुवात केली आहे. ही सर्वांत नेहमीची चूक. मोजणी एकपासून सुरू होते, मग उडी का नाही, असं त्याला वाटतं. त्याला ० वर उभं करा आणि विचारा, "अजून एकही उडी मारली नाहीस, मग किती पावलं झाली?" "शून्य" हे उत्तर त्याच्या तोंडून आलं की चूक सहसा परत होत नाही.

८ आलं असेल तर ते पावलं न मोजता खुणा मोजतंय. ज्या खुणेवर उभं आहे तिलाच "एक" म्हणतंय, त्यामुळे तीनची प्रत्येक उडी दोनची होते आणि चार उड्यांत ते आठवर पोहोचतं. यावर कागद उपयोगी पडत नाही, पुन्हा जमिनीवर या. उभ्या जागी "एक" म्हणून बघायला सांगा आणि विचारा, पाय हलला का? पाय हलल्याशिवाय आकडा म्हणायचा नाही, एवढा नियम पुरतो.

९ आलं तर एक उडी कमी पडली. ० वर उभं राहण्यालाच त्यानं पहिली उडी धरलं. १५ आलं तर एक उडी जास्त झाली, बहुतेक लय लागली आणि थांबायचं राहिलं. दोन्हीवर औषध तेच: "पहिली, दुसरी, तिसरी" हे मोठ्यानं म्हणणं.

आणि ७ आलं तर ती माझ्या त्या विद्यार्थिनीची चूक. ही चूक मोजण्यातली नाही, अर्थातली आहे, म्हणून सगळ्यात गंभीर. मी त्या दिवशी तिला जमिनीवर नेलं आणि म्हटलं, "तुझी उडी तीनचीच असते. बेडकासारखी. मोठी करता येत नाही, लहान करता येत नाही. अशा चार मार." ती गेली, ३, ६, ९, १२. मग मागे वळून तिनं ७ कडे पाहिलं आणि म्हणाली, "तिथे तर मी थांबलेच नाही!" कागदावर तिनं दुसऱ्या उडीचं माप बदललं होतं, ते तिचं तिलाच समजलं. सगळ्या उड्या सारख्या, हे वाक्य त्यानंतर मी पहिल्याच दिवशी सांगायला लागले.

२४ ची गंमत

आता त्या २४ सेंटिमीटरच्या रेषेकडे या. एका रंगानं वरून तीनच्या उड्या काढा, दुसऱ्या रंगानं खालून चारच्या. वरच्या कमानी आणि खालच्या कमानी १२ वर एकमेकींना भेटतात आणि पुन्हा २४ वर. मुलाला विचारा, १२ वर पोहोचायला वरच्याला किती उड्या लागल्या? चार. खालच्याला? तीन. म्हणजे ३ × ४ आणि ४ × ३, वाटा वेगळ्या आणि मुक्काम एकच. "क्रम बदलला तरी गुणाकार बदलत नाही" हा नियम सांगण्याआधी मुलानं तो असा पाहिलेला असावा.

२४ वर २, ३, ४, ६, ८ आणि १२ या सगळ्यांच्या उड्या बरोबर येऊन टेकतात. ५ ची येत नाही, ती २० वरून थेट २५ वर जाते. हा खेळ मुलांना फार आवडतो: एखादी खूण निवडायची आणि तिथे कोणाकोणाची उडी टेकते ते शोधायचं. १२ वर पुष्कळ जण येतात. १३ वर १ आणि १३ सोडून कुणीच येत नाही. मूळ संख्या हा शब्द वर्गात येईल तेव्हा येईल, पण १३ एकटा का, हा प्रश्न मूल आत्ताच विचारतं.

शून्याचं काम इथे दोन मिनिटांत होतं. ४ × ०: उडी चारची, पण मारायची शून्य वेळा, म्हणजे जागचा हललाच नाही. ० × ४: उडीच शून्याची, ती चारदा, म्हणजे जागच्या जागी चारदा उडायचं. दोन्हीचं उत्तर ०. हे कागदावर न समजावता करवून घ्या.

खुणा पुसा

दोन-तीन आठवड्यांनी, २, ३, ४, ५ आणि १० चे पाढे उड्यांसह पक्के झाले की खुणा नसलेली रेषा द्या. नुसती एक आडवी रेघ, डावीकडे ०. नेदरलँड्समधल्या गणितशिक्षणात ही रिकामी संख्यारेषा फार वापरली जाते. तिच्यावर मूल स्वतःला हवे तेवढेच आकडे मांडतं, अंतरं मोजूनमापून नसतात. इथे मूल मोजणं सोडून विचार करायला लागतं.

७ × ६ घ्या. सातच्या सहा उड्या एकेक काढायची गरज नाही. पाच उड्या एकदम: ७ × ५ = ३५, एकच मोठी कमान. मग आणखी एक सातची: ४२. तसंच ६ × १२: दहा उड्यांत ६०, आणखी दोन उड्यांत ७२. आणि ३ × ४ = १२ माहीत असेल तर ३ × ८ म्हणजे तीच वाट पुन्हा एकदा, २४.

नऊच्या बाबतीत मागे येणं सोपं. ४ × ९ साठी चारच्या दहा उड्या मारून ४० वर जायचं आणि एक उडी मागे यायचं: ३६. मागे येण्याची ही कल्पना मुलांना परकी वाटत नाही, कारण आपल्या आकड्यांच्या नावांतच ती आहे. एकोणीस म्हणजे विसाला एक उणा, एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. हे दाखवून दिलं की "चाळिसाला चार उणे" हे मूल स्वतःच म्हणतं.

मुलानं यापैकी कुठली वाट घ्यावी हे तुम्ही ठरवू नका. "तू कशा उड्या मारल्यास?" एवढंच विचारा. एकाच उदाहरणाला दोन मुलांच्या दोन वेगळ्या रेषा शेजारी ठेवून त्यांना एकमेकांची वाट समजावून सांगायला लावली, तर तो तास कारणी लागतो.

भागाकार आणि त्यापुढे

उलट्या दिशेनं भागाकारही इथेच मिळतो. २० वरून चारच्या उड्या मारत मागे या, किती उड्यांत शून्यावर पोहोचलात? पाच. २२ वरून पाचच्या उड्या मारल्या तर चार उड्यांनंतर २ वर अडकतो, पुढची उडी बसत नाही. ही बाकी. त्यावर जास्त रेंगाळू नका, गुणाकार स्थिरावला की ते लवकर येतं.

संख्यारेषा सगळीकडे चालवायचा हट्ट मात्र धरू नका. १७ × २३ रेषेवर करणं म्हणजे मुलाला शिक्षा आहे. मोठ्या गुणाकारांसाठी चौकटींच्या कागदावरचे ओळी-रांगांचे आयत जास्त बोलके असतात. ३ ओळींत ४ ठिपके काढून कागद फिरवला की ४ ओळींत ३ होतात, हे आयत जितकं सहज दाखवतो तितकं रेषा दाखवत नाही. दोन्ही चित्रं मुलाजवळ असू द्या. रेषेवरून आयताकडे जाताना मी एवढंच करते: तीनच्या चार उड्यांची रेषा दोरीनं मांडते, दर तीन पावलांवर दोरी दुमडून तुकडे एकाखाली एक ठेवते आणि विचारते, "आता उडी कुठे आहे आणि उड्या कुठे आहेत?" बहुतेक मुलं आधी एका ओळीवरून आडवं बोट फिरवतात, मग वरून खाली ओळी मोजतात.